शेवटची दोनशे पावले

शाळा सुटायला अजून पंधरा-वीस मिनिटे अवकाश असतो. तेवढ्यात पहिली दुचाकी येते आणि फाटकाला नाक लावून उभी राहते. तिच्यामागे दुसरी, तिसरी. मग डाव्या हाताला एक मोटार, उजव्या हाताला मुलांची व्हॅन. व्हॅनच्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या ऐन मध्यावर, दोन रिक्षा. पाठोपाठ आलेल्या मोटारीला जागा मिळत नाही, म्हणून ती समोरच्या दुकानाच्या पायरीशी तिरकी उभी राहते. चालक इंजिन बंद करीत नाही, फक्त काच खाली करतो. घंटा होते. चार-पाचशे मुले एकदम बाहेर येतात, आणि त्यांना पाऊल टाकायला जागाच उरलेली नसते. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली आणि समोर हँडल, आरसे, सायलेन्सर आणि चाके यांची भिंत. या भिंतीतून वाट काढत प्रत्येक मूल आपापले माणूस शोधू लागते.

हे दृश्य पाहायला सोलापुरात कुठल्या एका शाळेचे नाव घेण्याची गरज नाही. पेठांतल्या जुन्या शाळा असोत की जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या बाजूच्या नव्या शाळा असोत, भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेला फाटकासमोरचा रस्ता सारखाच दिसतो. पुणे, नाशिक, कोल्हापुरातही काही वेगळे नाही. त्यामुळे दोष सोलापूरकरांच्या स्वभावाचा, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. एरवी रांगेत उभा राहणारा, देवळात चपला नीट ओळीने काढून ठेवणारा माणूस शाळेच्या दारात आला की असा का वागतो, हा खरा प्रश्न आहे.

चौकातला वाहतूक पोलीस कधी इकडे फिरकलाच तर संवाद ठरलेला असतो.

‘‘अहो साहेब, गाडी पुढं घ्या. मागं रस्ता अडलाय.’’

‘‘मामा, दोनच मिनिटं. पोरगं येतंय बघा एवढ्यात.’’

मामाही गप्प बसतो. कारण त्याच्या घरीही पोरगे आहे आणि त्यालाही कोणीतरी असेच आणायला गेलेले आहे.

दोन मिनिटांचे गणित

या दोन मिनिटांचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, एका शाळेत दोनशे मुलांना पोचवायला घरची वाहने येतात आणि ती सगळी वीस मिनिटांच्या अवधीत येतात. प्रत्येकाने खरोखरच दोन मिनिटे घेतली तर एकूण चारशे मिनिटे होतात. वीसने भागले की उत्तर येते वीस. म्हणजे त्या अवधीत कोणत्याही क्षणी वीस वाहने फाटकाशी उभी असणार. जागा असते पाच-सहांची. उरलेली कुठे उभी राहणार? रस्त्यावर, फुटपाथवर आणि एकमेकांच्या पाठीशी.

ही झाली सकाळची गोष्ट. आणायला येणारे पालक तर शाळा सुटण्याआधी दहा मिनिटे येऊन थांबतात. तिथे दोन मिनिटांच्या जागी दहा मिनिटे धरली की वीस वाहनांची शंभर होतात. सोडण्याच्या वेळेपेक्षा सुटण्याच्या वेळेची कोंडी जास्त वाईट का असते, त्याचे हे साधे उत्तर. यात कोणी एक जण गुन्हेगार नाही. प्रत्येक जण खरोखरच थोडा वेळ थांबलेला असतो. पण दोनशे जणांचा थोडा थोडा वेळ एकाच फाटकावर येऊन साचतो आणि मग कोणालाच हलता येत नाही.

या हिशेबात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. फाटकाशी उभ्या असलेल्या वीस चालकांपैकी प्रत्येकाच्या नजरेला समोरची एकोणीस वाहने अडचण म्हणून दिसतात. स्वतःचे वाहन तेवढे दिसत नाही. ‘काय ही लोकं, कुठंही गाडी लावतात’ असे म्हणणारा माणूसही हँडलवर हात ठेवून तिथेच उभा असतो.

फाटके पायांसाठी बांधली

सोलापूरला गर्दी नवी नाही. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली आणि पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. या गिरण्यांच्या भोंग्यावर शहर उठत होते, जेवत होते आणि झोपत होते. पाळी सुटली की गिरणीच्या एकेका दारातून माणसांचा लोंढा बाहेर पडायचा. आज कोणत्याही शाळेतून सुटणाऱ्या मुलांपेक्षा तो कितीतरी मोठा असे. तरी थोड्या वेळात रस्ता मोकळा होई. कारण लोंढा पायी होता, फार तर सायकलवर. पायी चालणारा माणूस दोन-अडीच फूट जागा घेतो आणि चालू लागला की तीही सोडून देतो. मोटार शंभर-सव्वाशे चौरस फूट जागा अडवते आणि उभी राहिली की सोडत नाही. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगेही थांबले. पण एका दारातून हजारो माणसे अडचण न होता बाहेर पडू शकतात, हे या शहराने रोज पाहिलेले आहे.

शहरातल्या जुन्या शाळाही त्याच काळातल्या. हरिभाई देवकरण, नूतन मराठी, सेवासदन, पूर्व भागातली कुचन प्रशाला, सोशल उर्दू हायस्कूल. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांच्या घरांतली मुले आपापल्या पेठेतून चालत शाळेला जात. मोठ्या बहिणीने धाकट्याचे बोट धरायचे आणि वाटेत आणखी चार जण सामील व्हायचे. पोचवायला कोणी आलेच तर आजोबा. फार लांबच्यांसाठी टांगा. या शाळांची फाटके, त्यांच्यासमोरचे बोळ आणि रस्ते हे सारे चालत येणाऱ्या पायांच्या मापाने झालेले आहे. आज त्याच फाटकातून मुले जातात तेवढीच, पण प्रत्येक मुलामागे एक वाहन येते. फाटक रुंद करूनही हा प्रश्न सुटणार नाही. रस्ता दुप्पट रुंद केला तर वाहनांच्या दोन रांगांच्या जागी चार रांगा लागतील, एवढेच.

नव्या शाळांची गोष्ट थोडी वेगळी. त्या शहराच्या कडेला गेल्या, तिथे जमीन मिळाली. पण मुले राहिली शहरभर. शिक्षण हक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतरात शाळा असावी, असे म्हटले आहे. शेजारची शाळा ही कल्पना कायद्याने मानली, पालकांनी मात्र सोडून दिली. घराजवळची शाळा ओलांडून सहा-सात किलोमीटरवरच्या शाळेत मूल घालायचे, तर त्याला रोज पोचवणे आलेच. यात पालकांना दोष देऊन उपयोग नाही, चांगले शिक्षण हवे असे कोणालाही वाटणार. पण शाळा निवडताना आपण फी पाहतो, माध्यम पाहतो, निकाल पाहतो. मूल तिथे रोज कसे जाणार, हा प्रश्न प्रवेश झाल्यावर सुचतो.

बस गेली, वेळ सरकली

मूल लांबच्या शाळेत जाणारच असेल तर त्याला सार्वजनिक वाहन हवे. सोलापूरच्या महापालिकेची स्वतःची बससेवा आहे आणि एके काळी शाळा-कॉलेजची मुले पास काढून तिनेच जात. तिची दशा सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. जेएनएनयूआरएम योजनेतून नव्या गाड्या आल्या आणि त्यातल्या बऱ्याच चासीला तडे गेल्याच्या कारणाने उभ्या राहिल्या. बस भरवशाची राहिली नाही तेव्हा ज्यांना परवडले त्यांनी दुचाकी घेतली. ज्यांना तेही जमले नाही त्यांनी रिक्षावाल्या काकांच्या हाती मुले सोपवली. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या दुचाकींच्या गर्दीत बंद पडलेल्या बसही मोजायला हव्यात.

त्यात भर पडली वेळेची. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. मुलांना पुरेशी झोप मिळावी हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण नऊनंतरची वेळ ही कचेऱ्यांची, बँकांची, दुकानांचीही वेळ. मुलाला सोडून पुढे कामावर जाणारा बाप किंवा आई घड्याळाकडे पाहत असते, आणि घाईतला माणूस वाहन नीट लावत नाही. स्कूलबसचालकांच्या संघटनांनी त्या वेळी वाहतुकीची अडचण पुढे केली होती. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही.

शिवाय सोलापूरचे ऊन. मार्च उलटला की सकाळची शाळा सुरू होते आणि ती सुटते तेव्हा डांबर तापलेले असते. एप्रिलमध्ये चाळीस अंशांच्या वर पारा गेला असताना पोराला चालत ये म्हणायला कोणत्याही आईचा जीव होणार नाही. उसाच्या हंगामात रस्त्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते, जड वाहने असतात, त्यांची धास्ती वेगळीच. तेव्हा पालक फाटकापर्यंत वाहन नेतात ते काही केवळ मिरवायला नाही. त्यामागे काळजी आहे. एका मुलाच्या काळजीने आणलेले वाहन दुसऱ्या मुलाला धोका होते, पेच आहे तो इथे.

न दिसणारे मूल

हा धोका नेमका कसा असतो? भरधाव वाहनाची भीती सर्वांना कळते. शाळेच्या दारातली वाहने तर उभीच असतात किंवा गोगलगायीच्या गतीने सरकत असतात. मग त्यांना भ्यायचे काय? तर दुसरी-तिसरीतले मूल मोटारीच्या बॉनेटपेक्षा फारसे उंच नसते. दोन उभ्या वाहनांच्या फटीतून ते रस्त्यात येते तेव्हा येणाऱ्या चालकाला ते दिसत नाही आणि मुलालाही येणारे वाहन दिसत नाही. दोघे एकमेकांना पाहतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते. मागे घेतल्या जाणाऱ्या मोटारीचे तर विचारूच नका. काचेच्या खालच्या भागात काय आहे, हे आरशात दिसत नाही, आणि तिथेच कोणीतरी बुटाची नाडी बांधायला वाकलेले असते.

स्टिना सँडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या रस्त्यावरील वागण्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९६८ मध्ये आले. लहान मुलाची नजर, कान, अंतर आणि वेग यांचा अंदाज अजून पक्का झालेला नसतो. त्याला कितीही शिकवले तरी रहदारीत ते मोठ्यांसारखे वागू शकत नाही. म्हणून बदलायची ती रहदारी, हा त्यांच्या कामाचा निष्कर्ष. ‘रस्ता नीट बघून ओलांडत जा’ असे मुलाला बजावून आपण जबाबदारी त्याच्या दप्तरात घालून देतो. ती त्याला पेलणारी नाही.

देशाचे आकडेही डोळ्यांपुढे ठेवावेत. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांत पायी चालणारे सुमारे ३३ हजार होते आणि अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या आसपास. हे सारे शाळेच्या दारात घडलेले नाही, हे उघड आहे. पण रोज सव्वीस मुले हा आकडा ऐकल्यावर दारात तरी काळजी घ्यावी, एवढे त्यातून घेता येते.

आणि या गर्दीत सर्वांत जास्त सोसते कोण? जे मूल चालत येते ते. ज्या घरी वाहन नाही, विडी वळून किंवा कारखान्यात शिवणकाम करून ज्यांचे घर चालते, त्यांची पोरे आजही पायीच शाळेला जातात. फुटपाथवर मोटारी चढवलेल्या, म्हणून ती रस्त्याच्या मध्यातून जातात. मोटारीतून उतरलेले मूल थेट फाटकात शिरते. चालत आलेल्याला सगळ्या वाहनांना वळसा घालावा लागतो. ज्याने जागा मुळीच अडवली नाही, त्यालाच जागा मिळत नाही.

कायदा आहे, माहीत नाही

शाळेच्या दारात वाहन उभे करणे हे केवळ गैरसोयीचे नाही, बेकायदा आहे. १९८९ च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमांतच शाळा आणि रुग्णालय यांच्या प्रवेशद्वाराजवळ वाहन उभे करू नये, असे स्पष्ट होते. त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे नियम आले, त्यांतही ते कायम आहे. फुटपाथवर वाहन लावणे आणि उभ्या वाहनाच्या बाजूला दुसरे वाहन लावणे यांनाही त्याच नियमांत मनाई आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाल्यावर दंडही वाढला. म्हणजे तीस-पस्तीस वर्षे नियम आहे आणि तो रोज दोनदा, शाळेच्या पाटीखाली मोडला जातो.

दुसरी तरतूदही फार थोड्यांना ठाऊक असते. १९९७ च्या नोव्हेंबरात दिल्लीला वझिराबाद येथे शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या वाहनांसाठी निर्देश दिले. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूलबससाठी स्वतंत्र नियमावली केली. तिच्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, असे सांगितले आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालक, वाहतूक पोलीस, परिवहन विभाग यांचे प्रतिनिधी सदस्य. मुलांची सुरक्षित ने-आण, बसचे थांबे वगैरे पाहणे हे तिचे काम. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे पालकसभेत उठून विचारायला हरकत नाही. गणवेशाच्या रंगावर तासभर चर्चा करणाऱ्या सभेला दहा मिनिटे यासाठी काढता येतील.

केवळ दंड करून मात्र भागणार नाही. रोज दोनशे पावत्या फाडायच्या तर पोलिसांची एक तुकडी प्रत्येक शाळेला द्यावी लागेल. आणि पावती फाडली जात असतानाही रस्ता अडलेलाच राहील.

रस्ता बंद करायला शिकलेले शहर

मग करायचे काय? इटलीतल्या बोल्झानो या गावी १९८९ पासून शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी थोडा वेळ शाळेसमोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवू लागले. पुढे युरोपातल्या अनेक शहरांनी तो मार्ग धरला. लंडनमध्ये अशा रस्त्यांची संख्या गेल्या काही वर्षांत शेकड्यांत गेली आहे. जपानात पहिलीची पोरे पिवळ्या टोप्या घालून, मोठ्या इयत्तेतल्या मुलांच्या मागे, गल्लीगल्लीतून एकत्र चालत शाळेला जातात. ठरल्या ठिकाणी मोठी माणसे उभी असतात.

हे परदेशात ठीक आहे, आपल्याकडे कसे जमणार, असे कोणी म्हणेल. सोलापूरकराने तरी तसे म्हणू नये. दर जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते. लाखो माणसे पायी चालतात आणि मिरवणुकीच्या मार्गावरची वाहने आधीच दुसरीकडे वळवलेली असतात. त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही, लोक मोटारी लांब लावून चालत येतात. जे शहर देवासाठी कोसभर रस्ता मोकळा ठेवू शकते, ते मुलांसाठी शंभर मीटर रस्ता, दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटे मोकळा ठेवू शकणार नाही, हे पटत नाही.

शंभर मीटर म्हणजे किती? लहान मुलाचे पाऊल अर्ध्या मीटरचे धरले तर दोनशे पावले. रमतगमत गेले तरी तीन मिनिटे. फाटकाच्या दोन्ही अंगांना शंभर मीटरवर एक दोरी किंवा लोखंडी कठडा लावायचा, शाळेचा शिपाई आणि पाळीने दोन पालक तिथे उभे राहतील. वाहने त्या बाहेरच थांबतील. बस आणि रिक्षा यांची जागा वेगळी आखून द्यावी, म्हणजे काकांना रस्त्याच्या मध्यात उभे राहावे लागणार नाही. ज्या शाळेला मोठे मैदान आहे तिने व्हॅन आत घेऊन सोडाव्यात. वरच्या आणि खालच्या वर्गांच्या सुटण्यात पंधरा मिनिटांचे अंतर ठेवले की मघाच्या हिशेबातली गर्दी बरीच उतरते. अपंग मूल किंवा पाय मोडलेले मूल असेल त्याच्या वाहनाला आत येऊ द्यावे, हे सांगायलाच नको. आजूबाजूच्या रहिवाशांच्या ये-जा करण्याचाही विचार हवा.

महापालिकेचे कामही फार खर्चाचे नाही. देशातील पहिल्या वीस स्मार्ट शहरांच्या यादीत २०१६ साली सोलापूरचे नाव आले. त्यानंतर या शहराने कामे खूप पाहिली, खोदाई त्याहून अधिक पाहिली. शाळेसमोर अखंड फुटपाथ, त्यावर गाड्या चढू नयेत म्हणून खांब, उन्हासाठी चार झाडे आणि ठळक पांढरे पट्टे, एवढे झाले तरी शहराला स्मार्ट म्हणता येईल. सावली असेल तर एप्रिलमध्येही दोनशे पावले जड जाणार नाहीत.

सुरुवात मात्र पालकांनाच करावी लागेल, कारण फाटकाशी उभे आहेत ते तेच. त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहायला नको. उद्यापासून वाहन थोडे अलीकडे लावावे, मुलाचे बोट धरावे आणि चालू लागावे. त्या तीन मिनिटांत मूल शाळेत काय झाले ते सांगते. हेल्मेटमधून आणि हॉर्नमधून ते ऐकू येत नसते. शाळेत नागरिकशास्त्राचा धडा मूल कधी ना कधी शिकेलच. पण नियम कोणासाठी असतात आणि घाई असली की ते मोडायचे असतात का, हे त्याला त्याआधीच कळलेले असते. ते त्याला फाटकासमोर, आपल्या मागच्या सीटवर बसून कळते.